सुजाता मोहिते सोडून जात नाही

एजन्सीत राहू की इन-हाउस जाऊ, हा प्रश्न मला हल्ली कुणी ना कुणी विचारतंच. पोरं-पोरी येतात, समोर बसतात आणि चेहरा असा करतात की जणू आजच स्थळाला होकार कळवायचाय. मी त्यांना सांगते, मला विचारू नका, मी वैतागलेली बाई आहे, हे सुजाता मोहितेला विचारायला पाहिजे. मग ते विचारतात, सुजाता मोहिते कोण? आणि माझं डोकं फिरतं. परवा धंद्यात आलेली माणसं स्टेजवर उभी राहून भाषणं ठोकतात, त्यांची नावं सगळ्यांना पाठ, आणि सुजाता मोहिते कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी धंदा काय ते सांगते, नाहीतर अर्धे वाचक इथेच गळतील. मोबाईलवरच्या ॲपमध्ये कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, ते दाबल्यावर पुढे काय यावं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवणाऱ्याला यूएक्स डिझायनर म्हणतात. सुजाताची आई घोडपदेवच्या चाळीत सगळ्यांना सांगायची, "आमची सुजाता मोबाईलला बटणं लावते." झालं की, एवढंच आहे ते. ही बटणं लावायचे दोन प्रकार. एक एजन्सी, म्हणजे आज बँकेचं ॲप, उद्या शाळेचं, परवा चपलांच्या दुकानाचं. करायचं, सोपवायचं, निघायचं. दुसरा इन-हाउस, म्हणजे एकाच कंपनीची नोकरी धरायची आणि तिच्याच ॲपची बटणं रोज पुसत बसायचं. एजन्सीवाले इन-हाउसवाल्यांना झोपाळू म्हणतात आणि ते आम्हाला उडाणटप्पू म्हणतात. दोघांचंही थोडं खरं आहे.

आमची एजन्सी लोअर परळला, एका जुन्या मिलच्या आवारात. मी तिथे मुलाखतीला गेले तेव्हा समोर सुजाता होती. ठेंगणी, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि अंगात एक लांब कुर्ता ज्याला दोन्ही बाजूंना हे एवढाले खिसे. ते खिसे ती घोडपदेवच्या टेलरकडून मुद्दाम शिवून घ्यायची. "खिसा नसलेला बायकांचा कपडा दिसला की समजायचं, शिवणाऱ्याने बाईला विचारलेलं नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या खिशांत मार्कर असायचा, बडीशेप असायची, चष्मा असायचा आणि तो शोधायला ती नेहमी डोक्यावर हात फिरवायची.

मी मोठ्या तोऱ्यात माझं काम दाखवलं. गॅस सिलिंडर नोंदवायचं ॲप होतं. नोंदणी झाली की पडद्यावर रंगीबेरंगी फुगे उडायचे. त्या फुग्यांवर मी जीव टाकला होता.

"सुंदर आहे," ती म्हणाली.

मी खूश.

"काढून टाक," ती म्हणाली. "स्वयंपाक अर्धा टाकून बाई फोन घेऊन उभी आहे. तिला सिलिंडर कधी येणार ते सांग. फुगे कसले उडवतेस तिच्यासमोर?"

आता मी लालबागची. आमच्या चाळीत कुणी हळू बोललं की शेजारी विचारतात, बरं नाही का गं? मी तिथेच तिच्याशी वाद घातला. चांगला चढ्या आवाजात. तुम्हाला आजकालचं काही कळत नाही, असंही म्हणाले. म्हटलं नोकरी तर गेलीच, निदान बोलून तरी घेऊ. ती शांतपणे बडीशेप चघळत ऐकत होती. मग म्हणाली, "सोमवारी ये. इथे सगळे माना डोलावतात, मला भांडणारं कुणीतरी हवंच होतं." तेव्हापासून मी तिच्यासाठी 'परब' झाले. माझं पहिलं नाव तिने कधी घेतल्याचं मला आठवत नाही. मी तिला ऑफिसात सुजाताच म्हणायचे, अरे-तुरे करायचे. फक्त तिच्या आईसमोर 'ताई' म्हणायचे, नाहीतर मावशी डोळे वटारायच्या.

काम करायची तिची रीत सगळ्यांच्या डोक्यात जायची. कॉम्प्युटरवर बघून तिचं समाधान व्हायचं नाही. सगळे स्क्रीन कागदावर छापून ती ऑफिसच्या फरशीवर पापड वाळत घातल्यासारखे पसरायची, आणि मग अनवाणी त्यांच्या मधून फिरायची. प्रत्येक कागदावर मार्करने एक नाव लिहिलेलं असायचं. 'युजर' हा शब्द तिला चालत नसे. "युजर-बियुजर काही नसतं, नाव सांग," म्हणायची. हा स्क्रीन कोण बघतंय? माझी आई बघतेय, पानवाला बघतोय, तुझा काका बघतोय. काकाचं बोट जाड आहे, चष्मा जुना आहे, मागे नातू रडतोय. आता सांग, हे बटण दिसतं का त्याला? आमचा बॉस मेहुल एकदा बूट घालून त्या कागदांमधून जायला लागला. तशी ही कडाडली, "मेहुल, बूट काढ. माणसं बसलीयेत इथे." आणि मेहुलने, स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्या हाताने बूट काढले.

भीड म्हणून नव्हतीच तिला. एकदा एका बिल्डरकडे मीटिंग होती. त्यांचा कुणी साहेब कार्ड बघून गोड आवाजात म्हणाला, "मोहिते म्हणजे साताऱ्याकडच्या का?" आता हा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं. सुजाता म्हणाली, "मोहिते म्हणजे घोडपदेवच्या. जात विचारायची असेल तर सरळ विचारा ना, फॉर्ममध्ये रकानाच ठेवू." साहेबाने पाण्याचा ग्लास उचलला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. काम गेलं. मेहुलने कपाळाला हात लावला. ही खाली टपरीवर येऊन दोन कटिंग सांगून मोकळी.

पण एक गोष्ट तिला आतून खात होती, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं म्हणून सांगते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की ती फोन काढायची आणि आम्ही पूर्वी केलेली ॲप्स एकेक करून उघडून बघायची. सासरी दिलेल्या मुलींना आई फोन लावते ना, तसं. आणि मग एकेकीची रडगाणी सुरू. "हे बघ, हिच्या कपाळावर जाहिरात चिकटवली. हिचं 'मागे जा' बटणच काढून टाकलं, आता आत शिरलेला माणूस बाहेर कसा येणार? नांदवत नाहीत गं परब, नीट नांदवत नाहीत." मी म्हणायचे, सोड ना, आपण दिलं, त्यांनी पैसे दिले, विषय संपला. ती मान हलवायची. तिचं म्हणणं होतं की एक तरी स्क्रीन असा असावा जो मी बरोबर केला आणि तो बरोबरच राहिला. एवढंच मागणं होतं तिचं.

मग ती आरोग्य विम्याची कंपनी आली. आजारपणाचा खर्च विमा कंपनीकडे मागतात त्याला दावा म्हणतात. कंपनीने दावा नाकारला की ॲपवर काय दिसावं, ते काम आमच्याकडे आलं. त्यांनी मराठी मजकूर लिहूनच पाठवला होता. छान, इस्त्री केलेली मराठी. सुजाता म्हणाली, "चल, रस्त्यावर वाचून बघू," आणि मला घेऊन हिंदमाताच्या कपडेबाजारात गेली.

तिथल्या एका साडीच्या दुकानात शिरोडकर काका म्हणून तिच्या ओळखीचे होते. गादीवर मांडी घालून दिवसभर साड्या उलगडणारे. मी परब म्हटल्यावर आधी त्यांनी "तू खंयची गो?" विचारून घेतलं, माझं गाव कळल्यावर त्यांच्या गावापासून ते किती जवळ आहे ते सांगितलं, मग फोन हातात घेतला. सुजाताने बजावलं की हे खोटं-खोटं आहे, काही दाबलं तरी बिघडत नाही. समजा काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तुम्ही पैसे मागितलेत आणि कंपनी नाही म्हणतेय. पुढे काय कराल?

पडद्यावर लिहिलं होतं, "आपल्याला दावा मागे घ्यायचा आहे." खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. काकांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि 'हो' दाबलं.

"काका, 'हो' का दाबलंत?"

"तेच सांगतायत ना. आपल्याला मागे घ्यायचा आहे म्हणून."

"कोण सांगतंय?"

"कंपनी. डॉक्टर नाही का म्हणत, आपल्याला ऑपरेशन करायचंय? तसं. त्यांना माहिती असतं. आपण 'हो' म्हणायचं नि पुढे जायचं."

मला आधी हसू आलं. मग सुजाताचं तोंड बघितलं आणि हसू विरलं. दुकानाबाहेर येऊन ती फुटपाथवर साडी नेसवलेल्या पुतळ्यापाशी थांबली. मागून लोक धक्के मारत होते, तिला पत्ता नव्हता.

"परब, 'आपण' म्हणजे कोण?"

मी म्हटलं, म्हणजे काय, आपण म्हणजे आपण.

"तेच तर. लालबागच्या नाक्यावर पोरगा म्हणतो, आपण कुणाला घाबरत नाय. म्हणजे तो एकटा. घरी आई म्हणते, आपण जेवून घेऊ. म्हणजे सगळे. आणि कंपनी लिहिते 'आपण', तिथे म्हणजे समोरचा. त्यांनी मान द्यायला लिहिलं, काकांनी घरचं समजून वाचलं. त्यांना वाटलं, कंपनी आपल्यातलीच आहे, आपलं बघून सांगतेय. डॉक्टर म्हणतो आपल्याला इंजेक्शन घ्यायचंय, पण सुई कुणाला टोचते?"

मला मराठी घरात जन्मून, मराठी शाळेत शिकून हे कधी दिसलं नव्हतं.

कंपनीत मीटिंग झाली. त्यांच्या ॲपचा सगळा कारभार बघणारा समीर म्हणून होता. हसतमुख, हुशार, कुणालाही नावाने हाक मारणारा. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, 'आपण'च्या जागी 'तुम्ही' लिहिलं तर उद्धट वाटेल. सुजाता म्हणाली, "उद्धट चालेल, फसवं नको." मग तिने नवा कागद टेबलावर ठेवला. वर लिहिलं होतं, "तुमचा दावा कंपनीने नाकारला आहे. आता तुम्ही काय करणार?" खाली दोन बटणं, दोन्ही एकाच मापाची. एक 'दावा मागे घेतो', दुसरं 'पुन्हा तपासा'. दावा पुन्हा तपासायला सांगायचा हक्क पॉलिसी घेतलेल्या प्रत्येकाला होताच, फक्त तो कागदपत्रांच्या गठ्ठ्यात कुठेतरी शेवटी छापलेला होता. तिने तो उचलून बटणावर आणला. समीर तो कागद हातात घेऊन म्हणाला, करू या. केलंही तसंच. आणि महिन्याभरात त्याने सुजाताला विचारलं, आमच्याकडेच येता का? डिझाइनची प्रमुख म्हणून.

आमच्या ऑफिसात जे काही झालं ते विचारू नका. मेहुल म्हणाला, भागीदार करतो, दारावर नाव लावतो. ही म्हणाली, "दारावर कशाला, मी आतच असते की." मी तर तिच्याशी बोलायचंच बंद केलं, आणि मग राहवेना म्हणून भांडायला घोडपदेवला तिच्या घरी गेले. जयंतीसाठी चाळीला नुकताच रंग दिला होता, जिन्यात वास येत होता. मावशींनी चहा टाकला. मी सुरू केलं, "ताई, तिथे तू वर्षभर एकच बटण इकडून तिकडे हलवत बसशील."

"बसेन. पण ते बटण दुसऱ्या कुणी हलवलं तर मला कळेल."

मावशी गॅसपाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "एजन्सी म्हंजे बदलीच ना गं पोरी?"

मला क्षणभर कळेना. मग त्यांनीच सांगितलं. सुजाताचे वडील मिलमध्ये बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. आतला कुणी कायम माणूस आला नाही तर याचं नाव पुकारणार, मग याला आत घेणार. आज हे मशीन, उद्या ते. संप झाला, मिल बंद झाली, तरी हे बदलीच राहिले. "मशीनवर कधी नाव न्हाय लागलं बघ," मावशी म्हणाल्या. "आता पोरीला कायम करतायत, तर जाऊ दे की तिला."

"आई, कायम-बियम काय नसतं आता," सुजाता म्हणाली. "उद्या मनात आलं तर काढतील. मी कायम व्हायला जात नाही."

"मग कशाला जातेस?" मी विचारलं.

"भांडायला. इथे भांडण अर्ध्यात सोडून निघावं लागतं."

मी तो चहा अर्धा टाकून उठले. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रडू येत होतं. ती नसली की त्या ऑफिसात मी कुणाशी भांडू?

गेली ती. तिचं नवं ऑफिस आमच्यापासून चालत जाण्यासारखं होतं, त्यामुळे जेवणाला आम्ही कधीमधी भेटायचो. सुरुवातीला खुशीत होती. "कंटाळा येतो गं, पण मजा आहे," म्हणायची. एजन्सीत आम्हाला ॲप सोपवल्यावर पुढचं काही कळत नसे. इथे तिला रोज दिसायचं, कुठलं बटण किती लोक दाबतात. लोक 'पुन्हा तपासा' दाबत होते. भरपूर दाबत होते, आणि त्यांतले कितीतरी दावे दुसऱ्या तपासणीत मंजूर होत होते. ते सांगताना तिचा आवाज मला नवा वाटला. "दाबतायत, परब," एवढंच म्हणाली आणि डब्यातली सुकट माझ्या डब्यात टाकली.

आणि मग व्हायचं तेच झालं. एक दिवस समीर म्हणाला, ते दुसरं बटण जरा जास्तच चालतंय. त्याला जरा शांत करू या. शांत करणं म्हणजे काय, तर 'दावा मागे घेतो' हे मोठं हिरवं बटण, आणि 'पुन्हा तपासा' पार तळाशी, बारीक राखाडी अक्षरांत, बटणही नाही, नुसती ओळ. कायद्याने ठेवावं लागतं म्हणून ठेवायचं. असा बदल डिझाइनच्या प्रमुखाच्या सहीशिवाय होत नसे. सुजाताने सही दिली नाही. मीटिंगमागून मीटिंग झाल्या. समीर समजावत होता, सुजाता, आपण सगळे एकाच टीममध्ये आहोत, आपल्याला कंपनीचाही विचार करायला हवा.

"कोण आपण?" तिने विचारलं. "मी विचारलं ना परब, तर सगळे टेबलाकडे बघायला लागले."

त्यांनी बाहेरच्या एका एजन्सीला बोलावून तो स्क्रीन करून घेतला. सहीचा अधिकारही तिच्याकडून काढून घेतला. तिने राजीनामा द्यावा म्हणून सगळे वाट बघत होते. तिने दिला नाही. मग तिचे लोक दुसऱ्याच्या हाताखाली गेले आणि तिला पत्र मिळालं, ग्राहकांचा आवाज जवळून समजून घेण्यासाठी तुमची नेमणूक मदत केंद्रात करण्यात येत आहे. म्हणजे हेडफोन लावून फोन घ्यायचे. डिझाइनच्या प्रमुखाने. कंपनीच्या त्याच इमारतीत, दोन जिने खाली.

हे कळल्यावर मी त्यांच्या गेटवर जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली तशी तिला टपरीवर नेली आणि तोंडाला येईल ते बोलले. कंपनीला बोलले, समीरला बोलले, तिलाही सोडलं नाही. म्हटलं, झाली ना हौस? मेहुल अजून घ्यायला तयार आहे. तो दारावर नाव लावेल, मी स्वतः खिळा ठोकते. चल परत. हे असं त्यांच्या पायाशी बसून राहणं मला सहन होत नाही.

तिने बडीशेप काढली, मला दिली, स्वतः खाल्ली.

"एजन्सीत 'नाही' म्हणणं सोपं होतं गं," ती म्हणाली. "त्या बिल्डरला बोलले, बॅग उचलली, खाली येऊन चहा प्यायलो आपण. तू टाळ्या वाजवल्यास. आणि त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलंच. इथे 'नाही' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशेजारी डबा उघडायचा. त्याने माझ्याकडे बघायचं, मी त्याच्याकडे बघायचं. मी गेले तर त्याला बरंच वाटेल. मी त्याला बरं वाटू देणार नाही."

"आणि तुझं काय? तुझी सगळी वर्षं, तुझं नाव?"

"आई काय म्हणते माहितीये? बदलीवाल्याला नुसतं गेटवरून परत पाठवतात. कायम माणसाला हलवायला त्यांना डोकं लावावं लागतं. लावू दे." आणि हसली. हसताना तिचे डोळे भरले होते, ते तिने पुसले नाहीत.

मी मनातून ठरवून टाकलं होतं की ही हरली. चांगली बाई, पण हट्टापायी हरली. लोकांनाही तसंच सांगायचे. एजन्सीत नवीन पोरं यायची, तिचं नाव निघालं की मी म्हणायचे, इन-हाउस गेली आणि वाया गेली.

मग एक दिवस जेवायला भेटायचं ठरलं होतं आणि तिचा मेसेज आला, खाली उतरायला वेळ नाही, तूच वर ये. मी डबा घेऊन गेले. गेटवर नाव लिहिलं, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवला. मदत केंद्राचा मजला म्हणजे लांबच लांब हॉल, टेबलांच्या रांगा, आणि सगळीकडून एकच पाठ केलेलं वाक्य ऐकू येत होतं, कृपया आपला पॉलिसी क्रमांक सांगा. मी तिला शोधत गेले. ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात होती. तोच खिशांचा कुर्ता, अंबाडा, डोक्यावर चष्मा आणि त्यावर हेडफोन. माझ्याकडे पाठ होती.

"नाही हो, हिरव्याला हात नका लावू," ती सांगत होती. "हिरवं राहू दे. बोटाने वर सरकवा. अजून. अजून सरकवा, संपलं असं वाटेल, संपलेलं नाही. तळाशी बारीक राखाडी अक्षरं दिसतात? दिसत नाहीत? फोन उजेडात धरा. मुलगा शेजारी आहे? नको, तुम्हीच दाबा, तुमचा दावा आहे. वाचा बघू मोठ्याने."

पलीकडची बाई वाचत असावी. सुजाता ऐकत होती, ओठ हलवत होती, पहिलीतल्या मुलाचं वाचन ऐकतात तशी.

"हां. तेच. दाबा."

तेवढ्यात गळ्यात मोठा पट्टा घातलेला एक सुपरवायझर माझ्या बाजूने पुढे गेला आणि तिच्या टेबलापाशी वाकला. आवाज खाली, पण मला ऐकू आला. "मॅडम, किती वेळा सांगायचं? हे आपल्या स्क्रिप्टमध्ये नाहीये."

"पॉलिसीत आहे," सुजाता म्हणाली. "मी फक्त वाचून दाखवते. पॉलिसी चुकीची असेल तर तसं लेखी द्या मला." तो पुढच्या टेबलाकडे गेला. शेजारच्या टेबलावर एक मुलगी फोनवर बोलत होती. तिने मान वर केली नाही, पण मी तिथे उभी असताना तिचं वाक्य कानावर पडलं. ती फोनवरच्या माणसाला सांगत होती, काका, हिरव्याला हात नका लावू. तिच्या पलीकडचा मुलगा कुणाला तरी तळाशी, तळाशी म्हणत होता.

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. सुजाताला माझी चाहूल लागली. खुर्ची फिरवून तिने मला बघितलं, बाजूच्या स्टुलाकडे बोट दाखवलं, तू उघड, मी आलेच, अशी खूण केली. मी बसले. डब्याचं झाकण उघडलं. तिच्या टेबलावरचा लाल दिवा लुकलुकला. समोर काचेवर स्क्रिप्टचा कागद चिकटवलेला होता. पहिल्याच ओळीत पॉलिसी क्रमांक विचारायचा होता. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नमस्कार, मी सुजाता मोहिते बोलतेय. क्रमांक नंतर सांगा. आधी मला सांगा, तुम्ही अजून काही दाबलं नाही ना?"